विक्रांत आणि माझा कुकर

मैत्रिणींनो, अनोळखी माणसांत थट्टा करू नये म्हणतात. पण माझी जीभ ऐकेल तर ना!

परवा हेदवीच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत होते. समोर एका मुलाची बजाजची 'व्ही' मोटारसायकल उभी होती, २०१६ साली निघालेली. कुणीतरी म्हणालं, "हिच्यात विक्रांतचं पोलाद आहे बरं!" मी लगेच म्हटलं, "अगं बाई, म्हणजे युद्धनौकेवरून नारळ आणायचे! माझा कुकर मोडीत दिला, तर विमान मिळेल का?"

सगळे हसले. एक आजोबा तेवढे गप्प. मग गाडीवर हात ठेवून म्हणाले, "१९७१ ला मी हिच्यावर होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. २०१४ साली विक्रांत भंगारात निघाली, तेव्हा यांना काय वाटलं असेल!

तेच पुढे हसून म्हणाले, "चारातला एक बॉयलर तडकलेला. तिघांवर लढाई मारली. पोरी, तुझ्या कुकरला झालंय तरी काय?"

"वाफ धरत नाही हो."

"मग रिंग बदल की!"

घरी येताना आठवणीने रिंग आणली. कुकर मोडीत द्यायचा बेत रद्द. आता शिट्टी झाली, की आजोबाच आठवतात.