चवलीएवढा टवका

परवा भाचीचा फोन आला. "मामा, गाडीच्या पुढच्या काचेवर दगड उडाला. भरून घेऊ की काचच बदलू?" मी म्हटलं, थांब, सांगतो. आणि सांगायला लागलो तर अर्धा तास गेला. शेवटी ती बिचारी म्हणाली, "मामा, हे सगळं एकदा लिहून का नाही टाकत? आई पण वाचेल." तर ताई, हे तुझ्या लेकीमुळे.

आमची गोष्ट २०२४ च्या एप्रिलमधली. वाईला मावशीकडे दोन दिवस राहून पुण्याला परत येत होतो. मी चालवत होतो, शेजारी अण्णा, मागे सौ. आणि लेक. खंबाटकी उतरून शिरवळच्या जवळ आलो, तर पुढे खडीने भरलेला डंपर. वर ताडपत्री नाही. याच्या पुढे जावं की मागेच राहावं, असा विचार चाललेला असतानाच 'टक्!' असा आवाज झाला. बंदुकीची गोळी लागावी तसा. लेक किंचाळली. काचेवर माझ्या डोळ्यांसमोर, जरासा डावीकडे, एक टवका उडालेला.

अण्णांनी पुढे वाकून बघितलं. "चवलीएवढा आहे. चल पुढं."

(चवली म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगायला हवं. दोन आण्यांचं नाणं. अण्णा अजून वस्तू चवली-पावलीनेच मोजतात.)

अण्णांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली. आमच्या घरात कुठलीही वस्तू फेकायची असेल तर आधी त्यांच्याकडे अपील करावं लागतं. मिक्सर, छत्री, चपला, सौ.च्या माहेरहून आलेलं घड्याळ, सगळ्यांना त्यांनी दोनतीनदा जीवदान दिलंय. त्यामुळे घरी पोचल्यावर दोन पक्ष पडले. अण्णा म्हणाले, "भरून घे." सौ. म्हणाली, "बदलून टाका, काच आहे ती." आणि मी? मी नेहमीप्रमाणे "बघू" म्हणालो.

या 'बघू'मध्ये अकरा दिवस गेले.

अण्णा मात्र गप्प बसले नव्हते. टवक्यातून तीन बारीक रेषा फुटल्या होत्या. त्यांनी लेकीचा मार्कर घेऊन प्रत्येक रेषेच्या टोकाला काळा ठिपका दिला. रोज सकाळी पेपर आणायला जाताना ते ठिपके बघायचे. पाच दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी मी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमधून भट्टीसारखी तापलेली गाडी काढली आणि एसी एकदम फुल्ल केला. दुसऱ्या दिवशी एक रेषा ठिपका ओलांडून बोटभर पुढे गेलेली!

हे का होतं ते मला नंतर कळलं. बाहेरून काच तापून प्रसरण पावलेली असते, आतून गार वारा लागला की ती बाजू आकसायला बघते. अख्खी काच हा ताण सहज सोसते. पण तडा असला की सगळा ताण त्याच्या टोकावर येऊन बसतो, आणि टोक पुढे सरकतं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं, खड्ड्यात गाडी आदळली, धाडकन दार लावलं, तरी तेच. म्हणजे 'बघू' म्हणणाऱ्या माणसासाठी काच थांबून राहत नाही.

शेवटी रविवारी संध्याकाळी अण्णांना घेऊन सातारा रोडवरच्या एका छोट्या दुकानात गेलो. दुकानदार पंचविशीतला पोरगा. त्याने टवक्यावरून नख फिरवलं, मग आतल्या बाजूने फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, त्याच दिवशी चिकटपट्टी लावून आणायचं की हो. आत धूळ गेलीय."

त्याने जे सांगितलं ते भाचीसाठी सविस्तर लिहितो.

गाडीची पुढची काच एक नसते, दोन असतात, आणि दोन्हीच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पारदर्शक थर. म्हणून दगड लागला तरी ती अंगावर येत नाही, फुटली तरी त्या थराला चिकटून राहते. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच माणसाची. १९०३ साली त्याच्या हातून काचेचं एक भांडं खाली पडलं. त्याला तडे गेले पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत एका रसायनाचा थर वाळून बसला होता. त्यावरून त्याने १९०९ मध्ये पेटंट घेतलं. दाराच्या काचा वेगळ्या, त्या फुटल्या की त्यांचे बारीक खडे होतात. अण्णांनी लगेच मध्ये सांगितलं, की त्यांच्या वेळी एस.टी.ची पुढची काचही तसलीच असायची. दगड लागला की क्षणात सगळी काच साबुदाण्यासारखी पांढरी व्हायची, आणि ड्रायव्हर हाताने भोक पाडून त्यातून रस्ता बघत गाडी बाजूला घ्यायचा. पोरगा काम सोडून ऐकत बसला.

तर टवका भरता येतो तो फक्त बाहेरची काच फुटली असेल तर. टवक्यावर एक छोटं यंत्र बसवून आतली हवा ओढून घेतात, मग पातळ रेझीन दाबून आत सोडतात आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतात. अर्ध्यापाऊण तासाचं काम. रेझीनमधून प्रकाश जवळजवळ काचेसारखाच जातो, म्हणून टवका दिसेनासा होतो. पण 'जवळजवळ'. पुसट डाग राहतोच. आणि आधी धूळ-पाणी आत गेलं असेल तर जास्तच राहतो.

त्याचे तीन प्रश्न होते. केवढा आहे? कुठे आहे? आतपर्यंत गेलाय का? नाण्याएवढा टवका, काचेच्या कडेपासून लांब, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नाही आणि आतली काच शाबूत, तर खुशाल भरा. रेषा लांबली असेल, कडेला पोचली असेल, किंवा बरोबर ड्रायव्हरच्या समोर असेल, तर बदला.

"तुमचा नजरेसमोर आहे, साहेब. मी भरीन, हजार रुपये घेईन. पण रात्री समोरून लाईट आला की तिथं फाकणार."

अण्णा ऐकेनात. आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. "कंपनीनं बसवलेली काच एकदा काढली की पहिल्यासारखी बसत नाही. जूनमध्ये पाणी गळलं तर कोण बघणार?" पोरगा म्हणाला, "बरोबर आहे काका. चिकटवणारा घाईत असला तर गळतंच." मग त्याने हेही सांगितलं, की ही काच नुसती वाऱ्यापावसासाठी नसते. गाडी उलटली तर छताला तिचा आधार असतो, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग उघडते ती तिच्यावर टेकूनच. म्हणून ती घाईत चिकटवायची नाही, आणि तडकलेली ठेवायचीही नाही.

तरी अण्णांचं 'भरून घे' चालूच. तेव्हा त्या पोराने जे केलं ते मी विसरणार नाही. बाहेर अंधारून आलं होतं. तो म्हणाला, "काका, तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवर बसा. मी समोरून मोबाईलचा लाईट मारतो. तुम्हीच सांगा."

अण्णा बसले. पोरगा वीसेक फुटांवर जाऊन उभा राहिला.

"फाकतोय का काका?"

"फाकतोय."

"आता मान उजवीकडं घ्या. टवका सोडून बघा. आता?"

अण्णा जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हितंही फाकतोय की."

पोराला वाटलं काच मळलीय. त्याने ती आतून-बाहेरून स्वच्छ पुसली आणि पुन्हा लाईट मारला. मी शेजारच्या सीटवर बसलो होतो. मला टवका सोडून सगळीकडे लाईट स्वच्छ, एका ठिपक्यासारखा दिसत होता. अण्णा म्हणाले, "नाही. सगळीकडंच फाकतोय. देवाच्या तसबिरीमागं असतं तसं वलय दिसतंय."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला, मी अण्णांकडे. अण्णा स्टेअरिंगकडे बघत होते.

मग एकेक आठवायला लागलं. आदल्या दिवाळीपासून अण्णांनी रात्री गाडी चालवणं सोडलं होतं. कारण? "लोक अप्पर मारतात, अक्कल नाही." पेपर ते गॅलरीत उन्हात बसून वाचायला लागले होते. कारण? "घरात गार होतं." आणि आठवड्यातून तीनदा ते माझ्या लेकीला संध्याकाळी क्लासला गाडीने सोडत होते. साडेपाचला सोडायचं, सातला आणायचं. हिवाळ्यात सातला अंधार असतो, मंडळी.

चवलीएवढ्या टवक्यावर अकरा दिवस घरात चर्चा झाली होती. का, तर तो 'टक्' करून आला. अण्णांच्या डोळ्यांतलं आवाज न करता आलं, म्हणून वर्षभर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी त्यांचा मुलगा, रोज समोर बसून जेवणारा. मला ते दिसलं नाही, आणि एका परक्या पोराला मोबाईलच्या लाईटमध्ये दिसलं.

येताना गाडीत अण्णा एवढंच म्हणाले, "उद्यापासून पोरीला तू सोड."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अण्णांनी विचारलं, "पिकू द्यायचा का?" डॉक्टर हसले. ती जुनी पद्धत. आता पिकायची वाट बघत नाहीत, रोजच्या कामाला अडायला लागला की काढतात. मग अण्णांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे दुसरा प्रश्न टाकला. "औषधानं साफ नाही होत?" नाही. गढुळलेलं भिंग काढायचं आणि तिथे नवीन बसवायचं. भरून घ्यायची सोयच नाही.

काच त्याच आठवड्यात बदलली. ६,२०० रुपये पडले. विम्यातून का नाही घेतले, हे भाचीने खास विचारलंय, म्हणून तो हिशेब. काचेवर घसारा कापत नाहीत, फक्त १,००० रुपये आपण भरायचे. म्हणजे ५,२०० मिळाले असते. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. आमचा ५० टक्के होता. तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० वर जाईपर्यंत पाच वर्षांत एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या सव्वापट सवलत जाते. (यात नुसता गाडीच्या नुकसानीचा हप्ता धरायचा, थर्ड पार्टीचा नाही.) आमचा तो हप्ता पाचेक हजार, म्हणजे ६,२५०. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, तेव्हा आकडा थोडा खाली येईल. तरी फार तर बरोबरी. म्हणून खिशातून दिले. ज्यांची गाडी महाग किंवा बोनस कमी, त्यांचा हिशेब उलटा येईल. बोनस वाचवणारं जोडकलम घेतलेलं असेल तर प्रश्नच नाही. आणि ज्या नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो, तिथे काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच विचारून ठेवा.

जुन्या काचेबरोबर फास्टॅग गेला, तो नवीन घ्यावा लागला. वाईच्या महागणपतीचा स्टिकरही गेला. अण्णांनी तो ब्लेडने सोडवायचा खूप प्रयत्न केला, नाही निघाला. पोराने गाडी दोन तास हलवू दिली नाही, आणि दोन दिवस धुवायची नाही असं बजावलं. जूनमध्ये थेंबही गळला नाही. खांबासारखे उभे राहून अण्णांनी स्वतः तपासलं.

अण्णांचा एक डोळा मेमध्ये झाला, दुसरा जूनमध्ये. पहिल्या डोळ्याची पट्टी काढून घरी आले, हॉलमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "भिंतीला रंग कधी दिला?" रंग कुणीच दिला नव्हता. भिंत पांढरीच होती, त्यांना कित्येक महिने पिवळट दिसत होती. सौ. आत स्वयंपाकघरात निघून गेली. मीही काहीतरी शोधायच्या निमित्ताने गॅलरीत गेलो.

तर भाचे, तुझं उत्तर. आज दुकानात जाईपर्यंत टवक्यावर स्वच्छ चिकटपट्टी लाव. तीन प्रश्न विचार. लहान असेल, बाजूला असेल तर भरून घे, उगाच चांगली काच काढू नकोस. नजरेसमोर असेल तर बदल. काहीही कर, पण 'बघू' म्हणू नकोस. आणि जाताना तुझ्या बाबांना बरोबर ने, ड्रायव्हरच्या जागेवर बसव, समोरून एकदा लाईट मार.

अण्णा आता पुन्हा गाडी चालवतात, डॉक्टरांच्या परवानगीने आणि फक्त दिवसा. लेकीला क्लासला मीच सोडतो. मागच्या महिन्यात असेच बाहेर निघालो होतो, ते स्टेअरिंगवर बसले आणि म्हणाले, "खाली कोपऱ्यात काचेत एक बुडबुडा आहे. बसवताना बघितला नाहीस?"

नव्हता बघितला. त्यांनी बोट ठेवून दाखवला तेव्हा दिसला. मोहरीएवढा.