तेवीस किलोंचा संसार

लांबच्या प्रवासास निघताना बरोबर काय न्यावे, याविषयी आपल्याकडे उपदेश पुष्कळ होतो. काय ठेवून जावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक एकत्र कुटुंबात वाढलेल्या मनुष्यास हा दुसरा प्रश्नच अधिक अवघड जातो. वळकटी, फराळाचा डबा, पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या आणि ‘असू द्या, लागेल’ या मंत्रावर घेतलेल्या पाच-पन्नास वस्तू, एवढे झाल्याशिवाय आमच्या वडीलधाऱ्यांचे पाऊल उंबरठ्याबाहेर पडत नसे.

आम्ही घरच्या सहा माणसांनी यंदा मोटारीने युरोपात २१ दिवस हिंडावयाचे योजिले आहे. फ्रँकफुर्ट येथे उतरून भाड्याची मोटार घ्यावी, ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने स्ट्रासबुर्ग गाठावे आणि स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया पाहून परतावे, असा बेत आहे. कागदपत्रांचे प्रकरण आम्हांस वाटले होते तितके बिकट नाही. मात्र ते क्रमाने केले पाहिजे. १९८५ साली लक्झेंबुर्गमधील शेंगेन या खेड्याजवळ झालेल्या कराराचे फळ म्हणून आज २९ देशांस एकच व्हिसा चालतो. जेथे मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. सोबत किमान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा हवा. आमचे चिरंजीव व सूनबाई आळीपाळीने मोटार हाकणार, म्हणून दोघांनीही आर. टी. ओ. कचेरीतून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तिकडे वाहन रस्त्याच्या उजव्या अंगाने चालवावयाचे असते. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया येथील हमरस्त्यांसाठी कराची चिठ्ठी आधी घ्यावी लागते. स्वित्झर्लंडात ती वर्षाचीच मिळते, ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचीही मिळते.

खरी कसोटी लागली ती सामान बांधताना. आमच्या तिकिटांवर माणशी २३ किलोंची मर्यादा आहे. माजघरात काटा टांगला गेला आणि घरातील प्रत्येकाचे मन त्यावर तोलले जाऊ लागले. येसर, मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी यांना एकमताने प्रवेश मिळाला. साजूक तुपाची बरणी व खव्याचे पेढे मात्र मागे राहिले, कारण युरोपीय संघात प्रवाशाने बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. ताजा कढीलिंबही वगळावा लागला. फळांपैकी केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन ही पाचच तेवढी दाखल्यावाचून नेता येतात, हे वाचून नारळाची निवड झाल्याचा सर्वांस आनंद झाला.

एवढ्यात आमच्या आत्याबाई लातुराहून आल्या. वय ७६. त्यांची पेटी काट्यास लावली, तो तीत पाण्याचे पाच-पाच लिटरांचे दोन कॅन निघाले. मुले हसू लागली. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही गोदावरीकाठची माणसं. तुम्हांला नळ म्हणजे पाणी वाटतं. आम्हां लातूरकरांना भरून ठेवलेलं भांडं म्हणजे पाणी.”

हसणे तेथेच थांबले. २०१६ चा उन्हाळा आमच्या घरात कोणीच विसरलेले नाही. मांजरा धरण आटले होते. लातुरात पाणी भरण्याच्या जागी दंगा होऊ नये म्हणून जमावबंदी लागू झाली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आले. त्याच एप्रिलात आमच्या थोरल्या मुलीचे लग्न नांदेडास झाले. लोहा-अहमदपूरवरून चार तासांचा रस्ता. पण टँकरची पाळी चुकेल म्हणून सख्खी आत्या भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकावयास येऊ शकली नाही. हे दुःख त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. ते त्या दोन कॅनांत भरलेले होते.

‘तिकडे पाण्यास तोटा नाही’ असे सांगून त्यांची समजूत पडणारी नव्हती. त्यांनीच विचारले, “तिकडच्या नद्या आटत नाहीत का रे?” चिरंजीवांनी खरे ते सांगितले: ऑगस्ट २०२२ मध्ये ऱ्हाईनही इतकी उतरली होती की काउब येथील मापनपट्टीवर पाणी ४० सेंटिमीटरांच्याही खाली गेले आणि मालवाहू नावांना अर्धवट भरून जावे लागले. मग त्यांनी स्विस गावांतील चौकाचौकांत वाहणाऱ्या कारंज्यांची चित्रे दाखविली. पाणी पिण्याजोगे नसेल तेथे जर्मन भाषेत ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते, हेही समजावले. आत्याबाईंनी ते शब्द आपल्या वहीत उतरून घेतले, दोनदा म्हणून पाहिले, आणि स्वतःच्या हाताने दोन्ही कॅन बाहेर काढले. पितळेचा फिरकीचा तांब्या मात्र रिकामा करून पेटीत ठेवला.

पाणी बरोबर बाळगणे ही आपली जुनी चाल आहे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या आपल्या प्रवासातून परतताना गंगेची कावड पायी कोकणात आणली. तिच्यामागे श्रद्धा होती. आत्याबाईंच्या कॅनांमागे सोसलेले होते. काट्याला दोन्ही सारखेच, पण घरच्या माणसांना तसे म्हणून चालत नाही. वडील माणसाच्या पेटीतून वस्तू काढावयाची असेल, तर ती तेथे कशी आली हे आधी विचारावे; उत्तर मिळाल्यावर पुष्कळदा ती वस्तू तेच बाहेर काढतात.

आमचे प्रस्थान आठ दिवसांवर आले आहे. आत्याबाईंच्या पेटीत मोकळ्या झालेल्या जागेत सूनबाईंनी सर्वांच्या शाली घातल्या आहेत, आणि काटा साडेबावीस किलो दाखवीत आहे.