पेन ड्राइव्हवरचं विमान

संगणकावर विमान उडवायचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. (खेळ म्हटलं की जाणकार रागावतात बरं का! ते म्हणतात, सिम्युलेटर.) पण त्या विमानाच्या पोटात काय दडलंय, ते कधी उघडून पाहिलंय? 'फ्लाइटगिअर'च्या बाबतीत ते पाहता येतं. १९९६ साली त्याची कल्पना निघाली आणि तेव्हापासून जगभरातली हौशी मंडळी फावल्या वेळात तो घडवत आली आहेत. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या मूळ सूचना, सर्वांना खुला आहे.

या सूचना संगणकाला थेट कळत नाहीत. त्या त्याच्या भाषेत उतरवाव्या लागतात. मी हे घरी करतो. आधी 'सिमगिअर' नावाचा पायाभूत भाग, मग फ्लाइटगिअर. क्रम उलटा चालत नाही. भाजणीच नसेल तर चकल्या कशाच्या पाडणार? माझ्या जुन्या संगणकाचा पंखा असा काही घरघरतो की आजी विचारते, "काय रे, गिरणी घातलीस का?" शिवाय विमानं, विमानतळ, आवाज यांचा भलामोठा साठा वेगळाच असतो आणि तो त्याच आवृत्तीचा लागतो.

नवी आवृत्ती सगळ्यांच्या हाती देणं हे तर मोठंच काम. २००६ च्या एप्रिलमध्ये ०.९.१० आली आणि त्यानंतरची १.० थेट २००७ च्या डिसेंबरात! प्रत्येकाला वाटतं, माझं एवढं एक राहिलंय, ते होऊ दे. मग २०११ मध्ये या मंडळींनी ठरवलं, वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये आवृत्ती काढायची. त्याआधी काही आठवडे नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. राहून गेलं ते पुढच्या खेपेला. मला हे फार पटतं. गाडी वेळेवर सुटते म्हटल्यावर माणसं धावत का होईना, स्टेशनवर येतात.

आमची लेक आठवीत आहे. तिच्या मैत्रिणीकडे इंटरनेट यथातथाच, म्हणून तिने सगळं पेन ड्राइव्हवर भरून द्यायचं ठरवलं. पण आदल्याच आठवड्यात शाळेत सांगितलं होतं, सॉफ्टवेअरची नक्कल करणं म्हणजे चोरी. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मी चोर ठरेन का?"

प्रश्न साधा नव्हता. शाळेचंही खरं होतं, कारण बहुतेक विकतच्या सॉफ्टवेअरची परवानगीशिवाय नक्कल करता येत नाही. म्हणून आम्ही फ्लाइटगिअरचा परवाना उघडून बसलो. त्याला 'जीपीएल' म्हणतात. वापरा, बदला, वाटा, हवं तर विका, सगळ्याला मुभा. अट अशी, की घेणाऱ्यालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत आणि मूळ सूचना मिळायची सोय पाहिजे. काही चलाख लोकांनी नाव बदलून हाच सिम्युलेटर पैसे घेऊन विकला. मला ते आवडत नाही. पण नुसती विक्री या परवान्यात बसते, हे लेकीला सांगावंच लागलं.

तिने परवान्याची फाइल आणि सोर्स कोडही पेन ड्राइव्हवर टाकला. मैत्रिणीने विमान उडवलं, दोनदा समुद्रात बुडवलं, तिसऱ्यांदा उतरवलं. पुढे तिच्या मामेभावाने ते नेलं, मग त्याच्या मित्राने.

पेन ड्राइव्ह अजून परत आलेला नाही.