मुंढा

आमच्या केळापूर तालुक्यात थंडी म्हणजे दीड महिन्याची पाहुणी. तिच्यासाठी जाड लोकरी कोट कोण घेणार? तरी २०२२ च्या डिसेंबरात मी मुंबईच्या चोरबाजारातून खलाशांचे दोन जुने कोट घेऊन पांढरकवड्याला आलो. पीकोट म्हणतात त्यांना. एक मला, एक धाकट्या भावाला.

अब्बा टेलर. त्यांनी किंमत विचारली नाही, दोन्ही कोट मशीनवर उलटे करून टाकले. वरून पाहता दोघे जुळे भाऊच. गडद निळी लोकर, रुंद कॉलर, छातीवर बटनांच्या दोन ओळी, लांबी कमरेखाली वीतभर, म्हणजे शिडावर चढताना पाय मोकळे. आतून मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एक अमेरिकन नौदलाचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला: कर्सी नावाचे घट्ट कापड, खिशाला कॉर्डरॉयचे अस्तर, कंबर आवळलेली, खाली घेर. दुसरा नंतरचा, मेल्टनचा, सरळसोट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नौदलाने कर्सी सोडून मेल्टन घेतले, हे मी पुढे वाचले. अब्बांनी चिमटीत धरूनच सांगितले होते, ‘‘ये दो अलग जमाने के हैं.’’

मला जुना आवडला, पण खांद्यात दाटत होता. नवा ऐसपैस होता. फळ्यावर लिहायला हात वर केला की अख्खा कोट वर यायचा. जुन्याचा हात वर गेला तरी खालची कड जागेवर. अब्बा म्हणाले, मुंढा उंच आणि लहान कापला आहे. दोर ओढणाऱ्याचा कोट असाच लागतो. शेरवानीचेही तेच.

शेरवानीचे नाव निघाले आणि मी गप्प झालो. १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत वऱ्हाड निजामाचे; शेरवानी आमच्याकडे घरचीच. पण २०१६ साली माझ्या निकाहाला मी अब्बांना कापड आणू दिले नाही. नागपूरहून तयार शेरवानी आणली, चकचकीत. तेव्हा ते काही बोलले नव्हते.

‘‘दुआ में हात उठाया तूने, तो पूरी ऊपर चढ गयी थी,’’ ते आता म्हणाले. सहा वर्षे त्यांनी ते मनात ठेवले होते.

जुना कोट सैल करायला त्यांनी नकार दिला. शिवणीत दाबच शिल्लक नव्हता. तो भावाला बसला.

पुढच्या आठवड्यात मीच कापड आणले. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, खडूची रेघ दोनदा ओढायचे. दातांत टाचण्या धरून त्यांनी मला दुआला करतात तसे हात वर करायला लावले.

‘‘और ऊपर.’’