फजरनंतरची वाट

फजरची नमाज झाली की आम्ही मायलेकी चालायला निघतो. आमची पस्तिशी उलटली, अम्मीची पासष्टी. साकोलीच्या महामार्गावर ट्रकांची वर्दळ असते, म्हणून धानाच्या बांध्यांकडची वाट धरतो.

अम्मीला साखरेचा आजार आहे. सुरुवातीला ती म्हणाली, ‘‘बेटी, घरकाम क्या कम है? और लोग क्या कहेंगे?’’ आम्ही म्हटले, ‘‘अम्मी, दवाखान्यात लोक सोबत येत नाहीत.’’ ओट्यापाशी दिवसभर उभे राहून पाय दुखतात, पण श्वास वाढत नाही. चालताना मात्र स्नायू रक्तातली साखर वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचा व्यायामही. म्हणून परतल्यावर अम्मी खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते.

मोहल्ल्यात कुजबुज झालीच. पण तंदुरुस्ती ही अल्लाहची अमानत, ती जपण्यात शरम कसली? आता शेजारच्या दोघी खालाही सोबत येतात.

उर्दू शाळेतल्या आमच्या मुलींना पी.टी.च्या तासाला सावलीत बसायची सवय होती. आम्ही त्यांना मैदानावर आणतो. अम्मीला पासष्टीत जी शरम सोडावी लागली, ती या मुलींना लागूच नये.