शेलाच्या वाटेवर : प्रवासाची दैनंदिनी (भाग पहिला)

मंगळवार, दिल्ली

गाडी तीन तास उशिरा. रिक्षा २२०, झेरॉक्स ८४, फोटो २००, चहा तीनदा. ग्वातेमालाच्या दूतावासात कागद दिले : बँकेचं स्टेटमेंट, ग्वातेमालातल्या शेला गावच्या केंद्राचं पत्र, पोलिसांचा दाखला, फिजिओथेरपीची पदवी. पदवीवर अपोस्टिलचा शिक्का लागतो आणि त्याआधी मुंबईला मंत्रालयातली पडताळणी. सगळा उन्हाळा त्यातच गेला. अमेरिकेवरून जाणारं तिकीट स्वस्त होतं, पण तिथे नुसतं विमान बदलायलाही आपल्याला व्हिसा काढावा लागतो. म्हणून ॲमस्टरडॅम, पनामा, ग्वातेमाला. पाय सुजलेत. जेवण नको, झोपते.

शनिवार, नाशिक

व्हिसा मिळाला. पिवळ्या तापाची लस आधीच घेतली आहे, कारण तिचं कार्ड टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं. मार्ग पनामावरून, तेव्हा विमानतळावर कुणाशी वाद नको. ही लस एकदाच, २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो.

आईने संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. "इथे पेशंट कमी आहेत का गं?" कमी नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या आयांना घरी करायचे व्यायाम शिकवणारं माणूस त्या केंद्राने स्वतःहून मागितलं आहे, आणि अट घातली आहे की आधी स्पॅनिश, मग काम. मला ती अटच पटली. वर्षभर मी अशी किती माहितीपत्रकं वाचली, ज्यांत पैसे भरून दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांशी खेळायला बोलावतात! मुलं जीव लावतात आणि पाहुणे निघून जातात. असल्या ठिकाणी मी जाणार नव्हते. आईला हे सांगितलं. ती उठून लोणच्याची बरणी बांधायला लागली.

शुक्रवार, आंतिग्वा

प्रवास संपला. पनामाला पाच तास बसून. बॅग आली, लोणचं फुटलं नाही. एक केत्साल म्हणजे साधारण अकरा रुपये. राजधानीतून इथवर शटल १२० केत्साल, पाणी ८, सिमकार्ड ५०. दुपारी धो धो पाऊस. न्हाणीघरात नळावरच विजेचा हीटर बसवलेला, त्यातून कोमट धार येते. नाशिकचा फोन रात्री अडीचला, तिथे दुपारचे दोन. डोकं जड.

रविवार

आज इथला स्पॅनिशचा वर्ग नाही. सकाळभर सेन्योरांच्या स्वयंपाकघरात होते. ज्यांच्या घरी राहते त्या साठीच्या आहेत, त्यांना सगळे 'दोन्या' म्हणतात, मीही. काल रात्री त्यांनी मका चुन्यात उकळून ठेवला होता. आपण विड्याला लावतो तोच चुना, पाण्यात कालवून. सकाळी दाणे चोळून धुतले, साल निघून गेली, आणि मग दळायला नेला. चुन्याने मक्यातलं नायसिन सुटं होतं आणि कॅल्शियमही मिळतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, म्हणून जिथे नुसत्या मक्यावर लोक जगले तिथे पेलाग्राने माणसं मेली. कॉलेजात पोषणाच्या पेपरात हे पाठ केलं होतं. आज ते पातेल्यात बघितलं.

दोन्या तोर्तिया थापतात ती हवेत, दोन तळव्यांमध्ये टाळी वाजवल्यासारखी. आपली भाकरी परातीत फिरते तशी नाही. मी थापलेली त्यांनी आधी खाल्ली, स्वतःची नंतर. काळे फ्रिहोलेस (घेवडा), मीठ, लोणचं. लोणच्याला त्यांनी मान डोलावली आणि आणखी घेतलं. त्यांचे यजमान बस चालवायचे, मुलगा ह्यूस्टनला छपरं शाकारतो, सहा वर्षं भेट नाही. माझ्या शब्दांवर एवढं कळलं. उरलेलं त्यांनी हातांनी सांगितलं.

मंगळवार

सकाळी आठ ते बारा, एका शिक्षिकेसमोर (इथे 'मायेस्त्रा') एकटीच विद्यार्थिनी. इथे अशीच पद्धत आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की बाजारहाट नंतर, आधी मला आज्ञार्थ हवा. लेबान्ते ला पिएर्ना, पाय उचला. दोब्ले ला रोदिया, गुडघा वाकवा. रेस्पिरे ओंदो, खोल श्वास घ्या. दोंदे ले दुएले, कुठे दुखतं? पेशंटशी कायम 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', धरूनच बोलायचं, असं मायेस्त्रांनी बजावलं. हीटर पुन्हा गार.

गुरुवार

फोन अडीचला. गृहपाठ अर्धा. खर्च ४६.

शुक्रवार

आज व्याकरण झालंच नाही. मी विचारलं होतं, जुनी दुखापत असेल तर "हे कधी, कसं झालं" ते स्पॅनिशमध्ये कसं विचारू. मायेस्त्रा जरा थांबल्या. मग म्हणाल्या, पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हे पहिल्या भेटीत विचारू नका. इथलं यादवी युद्ध १९६० ते १९९६ चाललं. दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाला ज्या बळींची ओळख पटवता आली त्यांतले ८३ टक्के माया होते. मायेस्त्रांचे काका किचे प्रदेशातले. एका रात्री त्यांना नेलं, पुढे काही कळलं नाही. "गुडघ्याचं विचारा," त्या म्हणाल्या, "त्याचं कारण माणूस स्वतः सांगेल." नाशिकला आम्ही केस पेपरवर 'दुखापतीचा इतिहास' हा रकाना सगळ्यात आधी भरतो. शेलाला तो मी शेवटी ठेवणार आहे.

शनिवार, शेला

नकाशावर केत्साल्तेनांगो, तोंडात शेला. अमेरिकेतल्या जुन्या स्कूलबस रंगवून इथे 'कामियोनेता' म्हणून चालतात. चिमाल्तेनांगोला बदलली. दारात लटकलेला आयुदान्ते (कंडक्टर) "शेला, शेला, शेला" ओरडत होता. दोघांच्या बाकावर आम्ही तिघी, माझ्या मांडीवर शेजारणीची कोंबडी. घाटात श्वास अपुरा वाटला. गाव २,३३० मीटरवर आहे, थंडी बोचते.

केंद्रप्रमुख बाई भेटल्या. स्पष्ट बोलल्या, मला आवडल्या. सुरुवातीला फक्त बघायचं, हात लावायचा नाही. बऱ्याच आया किचे किंवा माम या माया भाषा बोलतात, त्यांच्यासाठी दुभाषी मदतनीस बाई आहेत, सूचना त्यांच्या तोंडूनच जातील. माझे वर्ग इथेही सकाळी चालू राहतील, केंद्र दुपारी दोनपासून.

मला विचारणाऱ्या तरुण फिजिओ आणि नर्स मुलींना एवढंच सांगते : तिकीट काढण्याआधी संस्थेला लिहून विचारा की तुम्हाला नेमकं कोण हवं आहे. उत्तरात फक्त फीचा आकडा आला तर जाऊ नका. भाषेसाठी दोन महिने वेगळे काढा, आणि लसीचं मूळ कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.