अँप्लिफायरचा कान

अँप्लिफायर घरी बनवतोय म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती वॅट?" व्हॉल्यूमच्या बटणाबद्दल कुणी विचारत नाही. त्यात काय, एक पोटेंशिओमीटर लावला की झालं! माझ्या मते मात्र अँप्लिफायर चांगला की वाईट हे तिथेच ठरतं. इथे जर्मनीत साधारण रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, आणि मला गाणं ऐकायला सवड मिळते ती नेमकी दहानंतर. म्हणजे माझ्या वाट्याला येते बटणाची अगदी सुरुवातीची कड.

आणि गोची तिथेच आहे. आपला कान पटीत मोजतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते. साधा लीनियर पॉट अर्ध्यावर आणला तरी आवाज फक्त ६ डेसिबल उतरतो. खरी उतरंड शेवटच्या दहाव्या हिश्शात कोंबलेली. म्हणून लॉग पॉट वापरतात, त्याच्या मध्यावर १०-१५ टक्केच सिग्नल पुढे जातो. पण स्वस्तातला लॉग पॉट म्हणजे बहुधा दोन सरळ तुकडे जोडून केलेली नक्कल. त्यात डाव्या-उजव्या पट्ट्या खालच्या टोकाला जुळत नाहीत. एकीकडे १ टक्का, दुसरीकडे दीड, म्हणजे साडेतीन डेसिबलचा फरक. मधोमध बसलेला गवई उठून उजव्या स्पीकरपाशी जाऊन बसतो!

यावर लोक महागडा पॉट घेतात. (घ्या बापडे.) मला वाटतं दुखणं वेगळंच आहे. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. ८ ओहमच्या स्पीकरला २५ वॅट द्यायला १४ व्होल्ट पुरतात, म्हणजे सातपट वाढ बास. आणि सर्किटात असते वीसपट! बरं, कमी करावी तर बऱ्याच पॉवर आयसी दहापटीखाली अस्थिर होतात.

मग पॉटच्या आधी दोन रेझिस्टर टाकले, १० किलोओहम आणि ५.६ किलोओहम. पॉट ५० किलोओहमचा, त्याचा भार धरून सिग्नल बरोबर एक तृतीयांश. घड्याळाच्या भाषेत, जिथे बटण साडेसातवर अडकायचं तिथे आता साडेआठच्या पुढे येतं, आणि तिथे दोन्ही पट्ट्या बऱ्यापैकी जुळतात. तानपुरा मधेच राहतो.

मोबाइलचा सिग्नल मुळातच कमी, त्यासाठी मागे एक कळ ठेवली आहे, हे दोन रेझिस्टर वगळायला. रात्री तिला हात लावत नाही.